नाताळपर्यंत लाल

“गुदमरणार नाही ना हे आत?” मी विचारलं.

एस्तेरमावशींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बत्तीस वर्षं इस्पितळात काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाईची नजर ती; तिच्यापुढे रुग्णाचे नातेवाईक न सांगता बाकावर जाऊन बसत असणार. त्यांच्या कडेवर पॉइन्सेटियाची कुंडी होती आणि पायाशी टीव्हीचं रिकामं खोकं. समोरच्या आपल्या दारापासून आमच्या दारापर्यंत ते त्यांनी पायानंच ढकलत आणलं होतं.

“मंजिरी, झाड आहे ते. त्याला नाक नाही.”

“हो, पण चौदा तास म्हणजे...”

“चौदाच. संध्याकाळी पाचला झाकायचं, सकाळी सातला उघडायचं. दिवसा ऊन दे, पाणी दे, हवं तर गप्पा मार. पाच ते सात काळोख म्हणजे काळोख. गॅलरीसमोर रस्त्यावरचा तो पिवळा दिवा आहे ना, त्याच्या उजेडात ह्याला वाटतं अजून दिवसच चाललाय. मग हे बसतं हिरवंगार. काळोखात झोपलं तर नाताळपर्यंत लाल होतं.”

खोक्याला आतून काळा कागद चिकटवलेला होता, एक्स-रेच्या फिल्मा गुंडाळून येतात तो. बाहेर एक केसपेपर डकवलेला. त्यावर रुग्णाचं नाव, वय बावीस वर्षं, पाणी कधी, किती, आणि सगळ्यात खाली लाल शाईनं अधोरेखित करून: ‘चीक पोरीच्या तोंडात जाऊ देऊ नये.’ हे शेवटचं खास माझ्यासाठी होतं. ते वाचल्याबरोबर मी सात महिन्यांच्या शर्वरीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं, झाडापासून दूर.

ही तेरा वर्षांपूर्वीची, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आम्ही नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. एस्तेरमावशी त्या संध्याकाळी नागपूरला निघाल्या होत्या, मुलीच्या बाळंतपणाला. परत येणार चोवीस डिसेंबरच्या सकाळी. त्याच संध्याकाळी ती कुंडी दरवर्षी चर्चमध्ये व्यासपीठाच्या पायरीवर जायची. मावशींचे यजमान शांतवनकाका, त्यांनी ते झाड बोटाएवढी काडी असताना आणलं होतं. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, पण झाडाचा नेम चुकला नव्हता.

माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या दसऱ्याला संगमनेरहून आल्या होत्या, नव्या वर्षापर्यंत राहायला. त्यांनी कुंडीकडे बघून विचारलं, फूल कसं येतं. मावशी म्हणाल्या, फूल म्हणाल तर मधला पिवळा कण, मोहरीएवढा. लाल होतात ती पानंच.

“म्हणजे एवढ्या उपासतापासानंतर पानंच?” अक्का म्हणाल्या.

“पानंच. पण तुम्ही बघाल तेव्हा बोला.”

मावशी गेल्या आणि जेवताना तो विषय निघाला, जो मी आठवडाभर टाळत होते. माझी रजा एक जानेवारीला संपत होती. दोन तारखेपासून मला ज्युनिअर कॉलेजात गणिताच्या तासाला उभं राहायचं होतं. शरूला दिवसा एस्तेरमावशी सांभाळणार, असं मी आणि मावशींनी जिन्यात उभ्याउभ्या ठरवून टाकलं होतं. अक्कांनी मात्र वेगळंच ठरवलं होतं. पोर संगमनेरला नेणार. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, म्हणे मधल्या खोलीत झोळीसुद्धा टांगली होती.

“दोन वर्षांचा प्रश्न आहे,” अक्का म्हणाल्या. “तुझे डोळे बघ आरशात. पोरगी रात्रीतून आठ-आठ वेळा उठते. तू तिच्यासोबत उठतेस. नोकरीवर परत गेल्यावर काय करशील, फळ्यावर डोकं टेकून झोपशील?”

मी म्हटलं, मावशी मदतीला आहेत. त्या तर नर्स आहेत, अजून काय हवं.

“त्यांच्याबद्दल मी बोलतेय का? पोरगी दिवसा त्यांच्याकडे, रात्री तुझ्याकडेच ना?”

माझा नवरा सारंग अशा वेळी आमटीत फार लक्ष घालतो. त्या दिवशीही त्यानं भाताचा डोंगर केला, मध्ये खळगा केला, आमटी ओतली आणि खळग्याकडे बघत राहिला. मग काहीतरी हलकं बोलावं म्हणून म्हणाला, “मंजूला जमेल गं. झाड नाही का घेतलं तिनं सांभाळायला.”

अक्कांनी गॅलरीकडे पाहिलं. खोकं तिथं उभं होतं, देव्हारा झाकून ठेवल्यासारखं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग ठरलं. ते झाड नाताळपर्यंत लाल झालं तर पोरगी इथं. नाही झालं तर दोन तारखेला मी आणि शरू पहिल्या एसटीनं संगमनेर.”

सारंग हसला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. मी मात्र उष्ट्या हातानं अक्कांच्या हातावर टाळी दिली. मला तेव्हा झाडाचा काहीच अंदाज नव्हता, पण पाच वाजता झाकायचं आणि सात वाजता उघडायचं, ह्यात चुकण्यासारखं काय आहे? मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. होते. माझ्याकडे वही होती.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. शरू झाल्यापासून मी तिच्यात सगळं लिहीत होते: दूध किती वाजता, झोपली कधी, उठली कधी, शी कशी. प्रत्येकाला रकाना, आठवड्याच्या शेवटी सरासरी. आता त्यात चार रकाने वाढले: झाकलं, उघडलं, पाणी, गळलेली पानं.

पहिले पंधरा दिवस मी घड्याळासारखी वागले. पाचला दोन मिनिटं असताना कुंडी खोक्यात, फटीवर कापड, वर पाट. सकाळी सातचा भोंगा झाला की झाड बाहेर. सोसायटीतल्या बायका खाली वाळवणं घालताना वर बघायच्या. एकीनं सारंगला जिन्यात गाठून विचारलंसुद्धा, की वहिनी त्या खोक्यात नक्की काय पाळतात. सारंग म्हणाला, सासर.

आणि मग दिवाळी आली, म्हणजे आकाशकंदील आला. अक्कांच्या घरी वसुबारसेला लागलेला कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तेवत राहायचा, ह्यात त्यांच्या सासूबाईंच्या काळापासून खंड नव्हता. आमची एकुलती एक गॅलरी म्हणजे कंदिलाची जागा, आणि तिथंच खोकं. मी दोन दिवस मनातल्या मनात भाषण तयार केलं. पानांतलं रसायन, प्रकाशाची तीव्रता, सगळं. शेवटी म्हटलं, “अक्का, कंदील...”

“स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलाय,” अक्का म्हणाल्या. “मागच्या बाजूला.”

मागच्या बाजूला कचराकुंडी आणि एक बंद पडलेला टेम्पो होता. त्यांच्या सासूबाईंच्या काळापासूनचा कंदील त्या वर्षी टेम्पोवर उजेड पाडत राहिला. एवढं सहज? अक्का आणि माघार? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. पैज हरायची म्हणजे पोरगी इथं राहायची, आणि ही बाई स्वतःहून हरायची तयारी करते? काहीतरी शिजत होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर बँकेच्या आवारातलं पॉइन्सेटिया लालसर झालं. बँकेचं झाड! ज्याला कुणी झाकत नव्हतं, कुणी वही ठेवत नव्हतं, ज्याच्या बुंध्याशी वॉचमन पानाची पिंक टाकत होता, ते कोपऱ्यातल्या अंधारात ऐटीत लाल होऊ लागलं. आणि आमचं? आमचं पालकाची जुडी झालं होतं. हिरवं, टवटवीत, निर्लज्ज.

मी वही उघडली. झाकण्याच्या वेळेत सरासरी फरक दीड मिनिटाचा. म्हणजे झाकण्यात चूक नव्हती. मग कुठूनतरी उजेड आत जात होता, आणि तो कुणीतरी आत घालत होतं. मी नव्या पानावर संशयितांची यादी केली.

रस्त्यावरचा दिवा पहिल्याच दिवशी सुटला, कारण मी स्वतः डोकं खोक्यात घालून बसले आणि आतून काहीही दिसलं नाही. (शरू बाहेरून खोक्यावर थापा मारत होती. सारंगनं फोटो काढला. तो अजून त्याच्याकडे आहे आणि भांडणात वापरला जातो.) दुसरा संशयित सारंग. कुंडीखालच्या बशीत मला जळलेली काडी सापडली. एक नाही, तीन. शरू झाली त्या दिवशी ह्या माणसानं सिगारेट सोडली होती, शपथेवर, माझ्या सलाईन लावलेल्या हातावर हात ठेवून.

मी काड्या त्याच्या ताटात, लोणच्याच्या बाजूला वाढल्या. त्यानं काड्यांकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि फार केविलवाण्या आवाजात म्हणाला की तो झाडाकडे पाठ करून ओढायचा. त्याला वाटलं, पाठ केली की झाडाला दिसत नाही. सिगारेट त्याची खरी सुटली ती त्या दिवसापासून; पाकीट अक्कांनी कचऱ्यात टाकलं आणि वर त्याला अंगठे धरायला लावले, एकतीस वर्षांच्या माणसाला. शरू टाळ्या वाजवत होती.

पण आणखी आठवडा गेला तरी पान हललं नाही. आता यादीत एकच नाव उरलं.

मला ते नाव लिहायला जड गेलं, खोटं कशाला सांगू. अक्का शरूला तेल लावायच्या तेव्हा ती पोर मांजरासारखी पसरायची. माझ्या हाताखाली ती कधी तशी पसरली नाही. पण पैज ती पैज. दोन तारीख जवळ येत होती आणि रोज झोपेत मला एसटीची घंटी ऐकू यायची. म्हणून मी सापळा लावला.

एका संध्याकाळी, साडेसहाच्या सुमाराला, मी मोठ्यानं सांगितलं की मी शरूला घेऊन बाजारात चालले आहे, चितळे रोडला, दीड तास तरी लागेल. सारंगला आधीच फितवलं होतं. त्यानं शरूला घेतलं आणि खाली मारुतीच्या पारावर जाऊन बसला. मी दार वाजवून लावलं, चपला हातात घेतल्या, परत अलगद आत आले आणि गॅलरीत वाळत टाकलेल्या चादरीमागे उभी राहिले. चादर डबल बेडची होती. मला वाटलं, आता मी अदृश्य झाले.

दहा मिनिटं काही नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या. मग अक्कांच्या बांगड्या. त्या गॅलरीत आल्या, खोक्याशी थांबल्या. आता पाट उचलतील, कापड सारतील, बॅटरी मारतील.

अक्कांनी काखेतली घोंगडी काढली. त्यांची स्वतःची, काळी, संगमनेरहून आणलेली, जिच्यावर त्या कुणालाही बसू द्यायच्या नाहीत. ती त्यांनी खोक्यावर पसरली, चारी बाजूंनी खोचली, जशी शरूची दुपटी खोचायच्या तशी. मग खोक्यावर दोन थापा दिल्या आणि म्हणाल्या,

“झोप बाबा. आई बाजारात गेलीय तुझी. तासभर तरी निवांत.”

मला हसू आलं की रडू, हे मला आजही सांगता येणार नाही. मी तोंडात चादरीचं टोक कोंबलं.

“आणि तू बाहेर ये,” अक्का त्याच आवाजात म्हणाल्या. “पाय दिसतायत तुझे.”

मी खाली बघितलं. चादर घोट्याच्या वीतभर वर संपत होती. माझी दहाच्या दहा बोटं, नेलपॉलिश लावलेली, रांगेत उभी होती. हातात चपला घेऊन मी बाहेर आले. आम्ही दोघी खोक्याच्या दोन बाजूंना, आणि मध्ये घोंगडी पांघरलेलं ते ध्यान.

“ही घोंगडी रोज टाकता तुम्ही?”

“तू झोपलीस की टाकते. पहाटे काढते. आज तू बाजारात, म्हणून लवकर टाकली.”

“मग तरी ते लाल का होत नाही?”

अक्का खाली फरशीवर बसल्या. मलाही बसवलं.

“तू त्या वहीत सगळं लिहितेस ना? मग मला सांग, पाच वाजता झाकल्यावर झोपेपर्यंत तू हे खोकं किती वेळा उचलतेस?”

“उचलत नाही. फक्त कोपरा वर करून बघते. ते बरं आहे का, गुदमरलंय का, पान गळलंय का.”

“काळोखात कसं दिसतं तुला?”

“मोबाईलची बॅटरी...”

आणि मी थांबले.

त्या वेळचे साधे मोबाईल; त्यांच्या डोक्यावर एवढासा दिवा असायचा, पण अंगणात मारला तर कुत्रं उठेल असा. सहाला एकदा, सातला एकदा, शरूला झोपवल्यावर एकदा, भांडी झाल्यावर, दूध विरजताना, आणि मग अंथरुणाला टेकण्याआधी एकदा शेवटचं, चांगलं निरखून. पन्नास दिवस. त्या झाडाच्या आयुष्यात रोज संध्याकाळी सहा वेळा सूर्य उगवत होता आणि तो सूर्य मी होते.

“वहीत बघितल्याचा रकानाच नाही,” मी म्हटलं.

“काखेत कळसा,” अक्का म्हणाल्या.

मग आम्ही दोघी हसायला लागलो. इतकं, की खालून सारंगनं ओरडून विचारलं, वर काय झालं. मी हसता हसता विचारलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं तर बोलला का नाहीत. आणि पैज? पैजेत तुम्ही माझ्या विरुद्ध आहात.

“पैज आहेच,” अक्का पदर सावरत उठल्या. “झाडानं काय घोडं मारलंय माझं?”

त्या दिवशी चोवीस नोव्हेंबर होता. बरोबर एक महिना उरला होता. अक्कांनी खोक्याला सुतळी बांधली आणि अशी गाठ मारली की ती त्यांनाच सुटावी. माझा मोबाईल दिवेलागणीला त्यांच्या हाती जायचा आणि त्या तो तांदळाच्या डब्यात खुपसून वर झाकण लावायच्या. एकदा माझ्या प्राचार्यांचा फोन तांदळात वाजला. अक्कांनी डब्याला कान लावून सांगितलं, वाजू दे, सकाळी बोल.

ते पहिले चार दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. हातांना काम उरलं नव्हतं. मी खोक्याशी जायची, सुतळीला हात लावायची, परत यायची. मी पापड भाजले. मी सारंगच्या शर्टांची बटणं घट्ट केली, नंतर न सुटलेली बटणंही पुन्हा शिवली. शरूला झोपवून मी तिच्या खोलीतून बाहेर यायचे आणि परत आत जाऊन बघावं म्हटलं तर हातात दिवाच नाही. खोलीतला मोठा लावावा तर ती उठणार. मग दाराशी उभी राहायची. आतून तिचा श्वास ऐकू यायचा, लहानशी करवत चालल्यासारखा. तेवढ्यावर परत फिरायची. शरूनं त्या महिन्यात चांगलंच अंग धरलं. मी वहीत शेरा मारला: ‘नाचणीचं सत्त्व मानवतंय.’

चोवीस डिसेंबरला सकाळी सात वाजता गॅलरीत आम्ही सगळे. अक्का आंघोळ करून आलेल्या, सारंग अर्धी दाढी केलेला, शरू त्याच्या कडेवर. गेल्या चार दिवसांत झाड मी उघडलंच नव्हतं. ते काम अक्कांनी घेतलं होतं आणि दिवसाही कुंडी गच्चीवर त्यांच्या देखरेखीखाली होती. मला म्हणाल्या होत्या, तुला नजर लावायची सवय आहे. आज मात्र गाठ त्यांनी सोडली आणि खोकं उचलायला मला सांगितलं.

मी डोळे मिटून उचललं.

मग हळूच उघडले. शेंड्याशी तीन पानं लाल होती. गुलाल नाही, कुंकू नाही. जरा विटकरी, आणि मधली शीर हिरवीच. चौथं पान अर्ध्यावर येऊन विचार करत होतं. बाकी सगळा पालक.

मी मोजलं. सवयच. एकूण त्रेचाळीस पानं, त्यातली तीन लाल. साडेतीन धरली तरी आठ टक्के. कुठल्याही परीक्षेत हे पास होत नाही.

“लाल म्हणायला हरकत नाही,” सारंग म्हणाला. त्याच्या गालावरचा साबण सुकत चालला होता.

“नाही,” मी म्हटलं. “हे हिरवं झाड आहे.” आणि मला माझाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. मी शरूकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी नक्की खोटं बोलले असते. “अक्का, मी हरले.”

तेवढ्यात जिन्यात बॅग आपटल्याचा आवाज आला आणि एस्तेरमावशी, नागपूरच्या रात्रीच्या प्रवासाची धूळ अंगावर घेऊन, स्वेटरमध्येच आत आल्या. त्यांनी आधी शरूचा गालगुच्चा घेतला, मग कुंडीसमोर वाकल्या. मी सगळं सांगून टाकलं. बॅटरी, पन्नास दिवस, सूर्य. मला वाटलं, बावीस वर्षांचा नेम मी मोडला, आता त्या केसपेपर काढून माझ्या हातात देतील.

मावशी बराच वेळ पानं न्याहाळत राहिल्या. मग खाली वाकल्या तशाच हसायला लागल्या.

“पहिल्या वर्षी दोनच आली होती,” त्या म्हणाल्या. “आमचे हे रात्री उठून कंदील घेऊन बघायचे, लाल झालं का. तरी व्यासपीठाशी नेऊन ठेवलंच त्यांनी. पाळकसाहेब म्हणाले, शांतवन, ह्याला प्रसन्न व्हायला वेळ लागेल असं दिसतंय.”

चर्चचा प्रश्न सुटला. माझा सुटला नव्हता. मी अक्कांकडे वळले. त्या शरूला सारंगच्या कडेवरून आपल्याकडे घेत होत्या.

“वही आण,” अक्का म्हणाल्या.

मला वाटलं, झाडाची टक्केवारी तपासणार. आणली.

“झाडाचं पान नको. पोरीचं काढ. चोवीस नोव्हेंबरपासून वाच. झोपली कधी, उठली कधी.”

मी वाचायला लागले. पंचवीस तारीख: झोपली साडेसात, उठली पाच. सव्वीस: साडेसात, पाच वाजून दहा. सत्तावीस: सव्वासात, पाच. मी पान उलटलं. उठण्याच्या रकान्यात, जिथं आधी एकाच दिवसाचे आठ-आठ आकडे दाटीवाटीनं बसलेले असायचे, तिथं ओळीनं एकेकच होता. महिनाभर. मीच लिहिलेले. माझ्याच अक्षरात. आणि समासात तो नाचणीच्या सत्त्वाचा शेरा.

मी वाचायची थांबले. मोबाईल तांदळाच्या डब्यात होता म्हणून तिच्या पापण्यांवरही महिनाभर कुणी दिवा मारला नव्हता.

“हे तुम्हाला...” मी म्हटलं. “तुम्हाला कधी कळलं?”

“दसऱ्याला आले त्या रात्रीच.”

“मग सांगायचं ना मला.”

“सांगितलं असतं तर तू अजून एक रकाना आखला असतास.”

एस्तेरमावशींनी तोंडावर रुमाल धरला. सारंगला अजून नीटसं कळलं नव्हतं. तो विचारत होता, मग पैज कोण जिंकलं. अक्कांनी शरूला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, आधी उरलेली दाढी कर.

संध्याकाळी आमची वरात निघाली. पुढे मावशी, नवी पांढरी साडी नेसून. मग कुंडी घेतलेला सारंग. मागे अक्का, आयुष्यात पहिल्यांदा चर्चच्या पायऱ्या चढायच्या म्हणून डोक्यावरून पदर घेतलेल्या. आणि सगळ्यात शेवटी मी आणि शरू. जिन्यात शरूनं हात लांब करून नेमकं एक लाल पान पकडलं. चीक, तोंड, केसपेपर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी झडप घातली, तिची मूठ सोडवली, धुतली, पुन्हा धुतली. परत येऊन मोजलं. पानं तीनच्या तीन शाबूत होती. अक्का वरच्या पायरीवरून म्हणाल्या, तेवढं चालतं.

नाताळच्या दिवशी अण्णा संगमनेरहून फ्लॉवरचे चार गड्डे घेऊन आले. चहा देताना मी सहज विचारलं, झोळी काढून ठेवली का आता.

“कसली झोळी?” अण्णा म्हणाले.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांना एकदम फ्लॉवर निवडायची घाई झाली होती.

अक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. घोंगडी माझ्याकडे आहे, दसऱ्यापासून ती खोक्यावर असते. मावशींनी त्या झाडाची एक काडी मला लावून दिली होती, तिचंही आता कंबरेएवढं झाड झालंय आणि डिसेंबरात ते उगाचच इतकं लाल होतं की बघवत नाही. शरू तेरा वर्षांची आहे. हल्ली खोलीचं दार लावून घेते. मी दाराशी जाते, उभी राहते. तीच श्वासाची करवत ऐकू येते. मग परत फिरते, आणि पावलं न वाजवता स्वयंपाकघरात जाऊन मोबाईल तांदळात खुपसते.